शाळेच्या ई-मेलची चाळण : तिची मांडणी आणि तिचे शिक्षण

(पलूस तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, त्या काळी शाळेकडे येणारे परिपत्रक टपालवाल्याच्या पिशवीतून येई. ते वेळेवर आले नाही तर मुख्याध्यापक टपालवाल्यास विचारीत, टपालवाला पोस्टमास्तरांस विचारी, आणि पत्र कोठे अडले याचा माग बहुधा लागे. आज तेच परिपत्रक ई-मेलने येते. ते पोचण्यास क्षणही पुरतो. परंतु ते पोचले नाही तर विचारावे कोणास, हे पुष्कळांस उमगत नाही. वास्तविक अशा वेळी अनेकदा पत्र आलेले असते. शाळेच्याच खात्यात, 'स्पॅम' किंवा 'जंक' असे नाव दिलेल्या कप्प्यात ते निमूटपणे पडून राहिलेले असते. तेथे ते कोणी टाकले, असे विचारल्यास 'संगणकाने' हे उत्तर मिळते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. टाकले संगणकाने हे कबूल. पण काय टाकावे आणि काय ठेवावे, याचे शिक्षण पुष्कळ अंशी खाते वापरणाऱ्यानेच त्यास दिलेले असते, आणि बहुतेक वेळा ते नकळत दिलेले असते.

या गोष्टीचे मोल किती, ते पलूसच्या शिक्षकांस दूरचे उदाहरण न घेताही कळण्यासारखे आहे. सांगली जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय पलूस येथेच आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून वाढलेल्या या विद्यालयांत सहावीपासून मुलांस निवास, भोजन व पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात. प्रवेशासाठीची निवड चाचणी मुलाने पाचवीत असताना द्यावयाची असते, आणि ती दुसऱ्यांदा देता येत नाही. म्हणजे ऊसतोडणी करणाऱ्या अथवा द्राक्षबागेत रोजंदारीवर जाणाऱ्या घरातील हुशार मुलीस ही संधी आयुष्यात एकदाच मिळते. अर्जाची मुदत कळविणारे पत्र शाळेच्या जंक कप्प्यात महिनाभर पडून राहिले, तर त्या मुलीपुरते ते दार बंद झाले असे समजावे. शाळेस केवळ एक पत्र हुकले असे वाटते. मुलीचे काय हुकले याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

आता ही चाळण म्हणजे काय ते पाहू. नकोशा पत्रांचा उपद्रव ई-मेलइतकाच जुना म्हटला तरी चालेल. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या यंत्रांची जाहिरात त्या वेळच्या जाळ्यावरील सुमारे ४०० पत्त्यांवर एकाच वेळी धाडली. नकोशा पत्रांतील पहिले पत्र म्हणून तेच सांगितले जाते. 'स्पॅम' हे मूळचे डबाबंद मांसाचे नाव. १९७० मध्ये इंग्लंडमधील एका दूरचित्रवाणी प्रहसनात उपाहारगृहातील प्रत्येक पदार्थात हेच मांस घुसडलेले दाखविले होते. नको असता वारंवार समोर येणाऱ्या वस्तूला ते नाव त्यावरून चिकटले. आपल्याकडे त्यास वेगळा शब्द रुळला नाही, म्हणून येथेही तोच वापरला आहे.

प्रारंभी ही पत्रे अडविण्यासाठी नियम लिहीत. अमुक शब्द आला की पत्र टाकावे, तमुक पत्ता आला की टाकावे, अशी ती रीत होती. नियम करणाऱ्यापेक्षा नियम चुकविणारा चतुर असतो, हे वर्गावर गेलेल्या कोणासही सांगावयास नको. 'लॉटरी' हा शब्द अडविला की 'लॉ.टरी' असा लिहून येई. १९९८ मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी निराळा मार्ग सुचविला, आणि ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाच्या एका निबंधामुळे तो सर्वत्र पसरला. नियम सांगण्याऐवजी नमुने दाखवावेत, आणि कोणत्या शब्दाचा कल कोणीकडे आहे हे यंत्राने स्वतः मोजून काढावे, हा तो मार्ग. त्याच्या मुळाशी असलेले गणित थॉमस बेज नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आहे. बेज १७६१ मध्ये निवर्तले. त्यांच्या कागदांतील तो निबंध त्यांच्या मित्राने १७६३ मध्ये प्रसिद्धीस आणला.

पलूस-तासगाव भागात बेदाण्याची प्रतवारी कशी होते ते सर्वांनी पाहिलेले आहे. नव्याने कामास आलेल्या बाईस कोणी बेदाण्याची व्याख्या सांगत बसत नाही. तिच्यापुढे हिरवा, लांब, नितळ दाणा ठेवतात आणि काळा पडलेला, चिरडलेला दाणाही ठेवतात. दोन्ही पाहून तिचा हात तयार होतो. तिला केवळ खराबच दाणे दाखविले आणि चांगला दाणा कसा ते दाखविलेच नाही, तर ती काय करील? जे दिसेल ते बाजूस टाकील. ई-मेलच्या चाळणीतील बहुसंख्य बिघाड याच एका ठिकाणी सापडतात.

हे आकड्यांनी पाहणे बरे. गणित पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांपलीकडचे नाही. समजा, शाळेने चाळणीस १०० नकोशी व १०० हवीशी पत्रे दाखविली. 'लॉटरी' हा शब्द नकोशांपैकी ४० पत्रांत व हवीशांपैकी एकात आला. एकूण ४१ पैकी ४०, म्हणून त्याचा कल सुमारे ०.९८, हा शब्द वाईट. 'हजेरी' हा शब्द नकोशांपैकी एकात व हवीशांपैकी ४९ मध्ये आला. ५० पैकी १, म्हणून ०.०२, हा शब्द चांगला. आता 'शिष्यवृत्ती' घ्या. हा शब्द खरी पत्रे वापरतात, तसेच 'तुमच्या पाल्यास शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, शुल्क भरा' असे लिहिणारे भामटेही वापरतात. तो नकोशांपैकी १२ व हवीशांपैकी १८ पत्रांत आला असे धरू. ३० पैकी १२, म्हणजे ०.४०, हा शब्द जवळजवळ तटस्थ ठरला.

आता शिक्षकाने एवढेच केले असे समजा की, भामट्यांची १२ पत्रे इमानाने 'जंक' म्हणून दाखविली, पण शिष्यवृत्तीची १८ खरी पत्रे वाचून बंद केली. ती चांगली आहेत असे चाळणीस कधी सांगितले नाही. मग १२ पैकी १२ होतात. यंत्र कोणत्याही शब्दास पूर्ण एक देत नाही, ग्रॅहमच्या रीतीत ०.९९ देते. पत्रांतील एक अक्षरही न बदलता 'शिष्यवृत्ती' हा शब्द 'लॉटरी'पेक्षा वाईट ठरला. यानंतर 'हजेरी' व 'शिष्यवृत्ती' हे दोन्ही शब्द असलेले खरे पत्र आले, तर पूर्वी ते नकोसे असण्याचा संभव १ टक्क्याच्या आसपास निघाला असता. आता तो ६७ टक्के निघतो. त्याच पत्रात 'शुल्क' हा ०.९ कलाचा तिसरा शब्द असेल, तर पूर्वीचा आकडा ११ टक्के आणि आताचा ९५ टक्के. ग्रॅहमने आपली रेषा ९० टक्क्यांवर आखली होती. पत्र गेले जंकमध्ये.

(हे आकडे पडताळावयाचे असल्यास रीत अशी : सर्व शब्दांच्या कलांचा गुणाकार करावा, प्रत्येक कल एकातून वजा करून त्या उरलेल्यांचाही गुणाकार करावा, पहिल्या गुणाकारास दोन्ही गुणाकारांच्या बेरजेने भागावे. दोन्ही बाजूंची दाखविलेली पत्रे सारखी नसतील तर नुसते आकडे न घेता शेकडेवारी घ्यावी. सातवीच्या वर्गास हा पाठ अवश्य द्यावा.)

म्हणून मांडणी करतानाच दोन्ही बाजूंच्या नमुन्यांची सोय करावी. स्पॅमअसॅसिन नावाची चाळण पुष्कळ सर्व्हरांवर असते. तिचा शिकणारा भाग निदान २०० नकोशी व २०० हवीशी पत्रे पाहिल्याखेरीज आपले मतच देत नाही. हा संयम तिच्या कर्त्यांनी विचारपूर्वक घातला आहे. शाळेच्या संगणकावर थंडरबर्डसारखा कार्यक्रम असेल, तर खात्याच्या मांडणीत 'जंक' या पानावर शिकणारी चाळण सुरू करण्याची चौकट असते. ती चौकट भरल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पत्रे आपोआप हलवू देऊ नयेत. चाळणीने फक्त खूण करावी आणि खूण बरोबर की चूक हे शिक्षकाने पाहावे. प्रत्येक बऱ्या पत्रास 'जंक नाही' अशी खूण देण्याचा कंटाळा येतो, हे खरे. परंतु जुन्या परिपत्रकांचा कप्पा आधीच असेल तर तो सबंध निवडून एकदम ही खूण देता येते. एका दुपारच्या सुट्टीचे ते काम आहे.

जीमेलचे खाते वापरणाऱ्या शाळांची गोष्ट थोडी निराळी. तेथील चाळण जगभरच्या खातेदारांच्या खुणांवरून शिकते आणि ९९.९ टक्क्यांहून अधिक नकोशी पत्रे अडविते, असे गूगल कंपनी सांगते. तरीही खात्यातील 'स्पॅम आहे' व 'स्पॅम नाही' या खुणा ती विचारात घेते. शिवाय तेथे पत्त्यावर नियम लावून 'कधीही स्पॅममध्ये पाठवू नये' असे बजावता येते. गटशिक्षणाधिकारी कार्यालय, केंद्रप्रमुख, परीक्षा परिषद आणि नवोदय विद्यालय यांच्या अधिकृत पत्त्यांसाठी हा नियम प्रत्येक शाळेने लावून ठेवणे अगत्याचे आहे.

आता बिघाड झाल्यावर काय करावे? प्रथम पत्र कोठे अडले ते शोधावे. त्यापूर्वी एकही कळ दाबू नये. पुष्कळ जण पत्र आले नाही म्हणताच सर्व मांडणी पुसून नव्याने करतात, आणि मूळ दोष जेथल्या तेथे राहतो. पत्र अडण्याची ठिकाणे ठरलेली आहेत. एक, पाठविणाराच्या बाजूस, पत्त्यातील चुकीमुळे. दोन, सर्व्हरवरील स्पॅम कप्प्यात. तीन, संगणकावरील जंक कप्प्यात. चार, कोणीतरी कधीतरी लावून विसरलेल्या एखाद्या नियमामुळे भलत्याच कप्प्यात. जीमेलमध्ये शोध घेताना 'मेल, स्पॅम व कचरापेटी' असा विस्तार निवडला नाही, तर स्पॅममधील पत्र शोधात दिसतच नाही. आणि शिक्षक प्रामाणिकपणे 'शोधले, नाही' असे कळवितो.

सर्व्हर व संगणक अशा दोन चाळणी असणे हा स्वतंत्र घोटाळा आहे. संगणकावरील कार्यक्रम 'पॉप' या रीतीने पत्रे उतरवून घेत असेल, तर तो जीमेलचा स्पॅम कप्पा उतरवीत नाही. संगणकावरील जंक कप्पा रोज तपासणाऱ्या दक्ष मुख्याध्यापकासही वरच्या चाळणीत अडकलेले पत्र दिसत नाही. यास उपाय असा की आठवड्यातून एकदा ब्राउझरने थेट खात्यात जाऊन तेथील कप्पा पाहावा, अथवा 'आयमॅप' ही रीत निवडावी, जिच्यात सर्व कप्पे संगणकावर दिसतात.

पत्र सापडले की मग ते तेथे का गेले हा प्रश्न. पहिले व सर्वांत मोठे कारण वर सांगितले. एकाच बाजूचे शिक्षण. दुसरे कारण आपल्या भागात विशेष आढळण्याजोगे आहे आणि इंग्रजी पुस्तकांत ते सापडावयाचे नाही. कृष्णाकाठच्या एखाद्या मराठी शाळेची कल्पना करा. तिची बरीचशी हवीशी पत्रे मराठीत. नकोशी पत्रे, म्हणजे कर्जे, औषधे, बक्षिसे यांच्या जाहिराती, इंग्रजीत. अशी दोन ढिगांची वाटणी पाहून चाळण काय शिकेल? मजकूर कसला आहे हे ती शिकणार नाही; लिपी शिकेल. देवनागरी चांगली, रोमन वाईट. ज्या मुलाने पांढऱ्याच गाई पाहिल्या, ते काळ्या गाईस म्हैस म्हणते आणि पांढऱ्या शेळीस गाय म्हणते, त्यातलाच हा प्रकार. परिणाम दुहेरी होतो. भामट्याने मराठीत लिहिलेले पत्र विनाअडथळा आत येते. आणि अखिल भारतीय संस्थेचे इंग्रजीत लिहिलेले खरे पत्र, ज्यात 'अर्ज', 'अंतिम दिनांक', 'नोंदणी' असे जाहिरातींतही आढळणारे इंग्रजी शब्द असतात, ते जंकमध्ये जाते. नवोदयच्या प्रवेशाची सूचना नेमकी या जातीची. यास्तव इंग्रजीतील व हिंदीतील खरी पत्रे शोधशोधून 'जंक नाही' म्हणून दाखवावीत, आणि मराठीतील फसवे पत्र सापडले तर ते हळहळ व्यक्त करून नुसते पुसून न टाकता आधी 'जंक' म्हणून दाखवावे. पुसलेल्या पत्रापासून चाळण काहीच शिकत नाही.

लिपीची आणखी एक गंमत आहे. संगणकात इंग्रजी अक्षर साठविण्यास एक बाइट पुरतो. युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन लागतात. 'शिष्यवृत्ती' या शब्दात काना-मात्रा व हलन्त धरून ११ चिन्हे आहेत, म्हणजे ३३ बाइट झाले. शब्दाची लांबी इंग्रजीच्या मापाने मोजणाऱ्या जुन्या चाळणींस हा शब्द अवाढव्य वाटे व त्या त्याचे तुकडे पाडीत. डिसेंबर २०२२ मध्ये निघालेल्या स्पॅमअसॅसिनच्या चौथ्या आवृत्तीत इतर लिप्यांकडे नीट लक्ष पुरविले आहे; तेव्हा जुनी आवृत्ती चालू असल्यास ती बदलून घेण्याचा आग्रह धरावा. याहून मोठा उपद्रव जुन्या मराठी फाँटांचा आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फाँटात टंकलेला मजकूर डोळ्यांस मराठी दिसतो, पण संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक माळ असते. असा मजकूर पत्रात चिकटविला की चाळणीस एकही ओळखीचा शब्द सापडत नाही. आणि चौकोनी शिक्क्यासह स्कॅन केलेले परिपत्रक, पत्रात एकही ओळ न लिहिता, नुसते जोडून पाठविण्याची जी चाल पडली आहे, तिच्याविषयी काय बोलावे! साध्या चाळणीस चित्रातील अक्षरे वाचता येत नाहीत. कोरे पत्र आणि अनोळखी जोडपत्र ही भामट्यांचीही आवडती रीत असल्याने तिचा संशय बळावतो, यात तिचा दोष नाही. परिपत्रकाचा विषय, दिनांक व करावयाचे काम एवढे तीन ओळींत युनिकोड मराठीत लिहिले तर पाठविणारे कार्यालय आणि घेणारी शाळा, दोघांचेही काम सुकर होईल.

कार्यालयांनी आणखी एक पथ्य पाळावयास हवे. एखाद्या कर्मचाऱ्याच्या खाजगी खात्यावरून तालुक्यातील सर्व शाळांस एकाच वेळी गुप्तप्रतीने पत्र धाडणे हे वरच्या चाळणीस जाहिरातदाराच्या वर्तनासारखे दिसते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने दिवसास ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांस आपली ओळख तांत्रिक रीतीने पटविणे बंधनकारक केले. तालुक्याचे कार्यालय या संख्येत येत नाही. पण ओळख पटलेल्या अधिकृत पत्त्यावरून आलेले पत्र सुखरूप पोचण्याचा संभव अधिक, हे तत्त्व लहानांसही लागू आहे.

तिसरे कारण सांगताना थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. काही शिक्षक कंटाळवाण्या पत्रास 'स्पॅम' ही खूण देतात. माहिती तातडीने भरा, अशी चौथी स्मरणपत्रिका आली की हात आपोआप त्या बटनाकडे जातो. राग समजण्यासारखा आहे, आणि काही स्मरणपत्रे टाळता आली असती हेही खरे. परंतु चाळणीस राग कळत नाही. ती त्या खुणेचा अर्थ सरळ घेते की या पत्त्यावरून, या शब्दांत आलेले पत्र कचरा होय. पुढील पत्र शिष्यवृत्ती परीक्षेच्या प्रवेशपत्रांचे असते, आणि तेही कचऱ्यात जाते. शाळेचे खाते तीन-चार शिक्षकांच्या भ्रमणध्वनींवर उघडलेले असेल, तर एकाच्या कंटाळ्याचे फळ सर्वांस भोगावे लागते. नको असलेले पण खरे पत्र वाचून झाले की पुसावे किंवा दुसऱ्या कप्प्यात ठेवावे. 'स्पॅम'ची खूण फक्त अपरिचिताच्या जाहिरातीस व फसवणुकीस द्यावी. खूण कोणी द्यावयाची हे शाळेत ठरवून एकाच शिक्षकाकडे ते काम द्यावे, हे उत्तम.

चौथे कारण किरकोळ, पण फसवे. ज्यांचे पत्ते पत्तेवहीत आहेत त्यांची पत्रे जंक मानू नयेत, अशी सोय थंडरबर्डमध्ये असते आणि ती चांगली आहे. मात्र पत्तेवहीत शाळेचा स्वतःचा पत्ता कधी नकळत जाऊन बसतो. भामटे पाठविणाराच्या जागी खोटा पत्ता लिहितात, आणि पुष्कळदा ज्यास पत्र धाडावयाचे त्याचाच लिहितात. मग शाळेच्याच नावाने आलेले फसवे पत्र चाळण मुकाट्याने आत सोडते, आणि कितीही वेळा 'जंक' दाखविले तरी सुधारणा होत नाही. चाळण शिकत नाही अशी तक्रार आली की पत्तेवही आधी पाहावी.

कधी कधी शिक्षण इतके बिघडलेले असते की दुरुस्तीपेक्षा नवी सुरुवात बरी. थंडरबर्डमध्ये शिकलेले सर्व पुसण्याचे बटन दिलेले आहे. ते दाबण्यापूर्वी दोन ढीग तयार ठेवावेत, प्रत्येकी १०० पत्रांचे तरी. नाहीतर पहिल्या आठवड्यात जे चार नमुने समोर येतील त्यांवरच चाळण पुन्हा वेडेवाकडे शिकेल. हे शिकलेले ज्ञान संगणकावरील एका लहानशा फाइलीत राहते. संगणक बदलला, दुरुस्तीस देऊन कोरा करून आणला, की ते गेले. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ या दोन्ही वेळी कृष्णेचे पाणी पलूस तालुक्यातील नदीकाठच्या गावांत शिरले होते. अशा गावांतील शाळांनी त्या फाइलीची प्रत इतर महत्त्वाच्या कागदांबरोबर दुसरीकडे ठेवणे शहाणपणाचे आहे. तसेच बदली होऊन जाणाऱ्या मुख्याध्यापकाने पदभार देताना हजेरीपट व साठा नोंदवहीबरोबर खात्याचा पासवर्ड, त्यास जोडलेला दूरध्वनी क्रमांक आणि लावलेले नियम यांचीही यादी द्यावी. जुन्या मुख्याध्यापकांच्या भ्रमणध्वनीवर संकेतांक जातो आणि नवे मुख्याध्यापक आपल्याच शाळेच्या दाराबाहेर उभे राहतात, असा प्रसंग येऊ नये.

चाळण किती कडक असावी, याविषयी मतभेद संभवतात. तिच्या चुका दोन प्रकारच्या. नकोसे पत्र आत येणे ही एक, व हवेसे पत्र बाहेर जाणे ही दुसरी. दोन्हींस समान लेखणे चुकीचे होईल. पहिल्या चुकीने शिक्षकाचे अर्धे मिनिट जाते. दुसरीने एखाद्या मुलाचे वर्ष जाते, आणि ते गेल्याचे कळतही नाही. ग्रॅहमने आपल्या गणितात चांगल्या पत्रांतील शब्दांची संख्या मुद्दाम दुप्पट धरली होती, ती याच भीतीने. शाळेची चाळण सैल असू द्यावी. चार जाहिराती आत आल्या तर येऊ द्याव्यात.

सैल चाळणीतून फसवे पत्रही येईल, ही शंका रास्त आहे. परंतु कडक चाळणीतूनही ते येतच असते; पलीकडील भामटा दर आठवड्यास शब्द बदलतो. वेतन अडकले आहे, बँकेची ओळखपडताळणी आजच करा, निवृत्तिवेतनाचा दावा मंजूर करण्यासाठी दुव्यावर जा, अशी पत्रे चाळण कितीही शिकली तरी थोडीफार निसटणार. तेथे वाचणारानेच थांबावे आणि त्या कार्यालयास स्वतःकडे असलेल्या क्रमांकावर विचारावे. पत्रात दिलेल्या क्रमांकावर विचारू नये. पैसे गेलेच तर लाज न धरता विनाविलंब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठविली जाण्याचा संभव पहिल्या काही तासांतच अधिक असतो.

एक व्यावहारिक बाब उरली. जीमेलच्या स्पॅम कप्प्यातील पत्र ३० दिवसांनी आपोआप कायमचे नाहीसे होते. थंडरबर्डमध्ये अशी मुदत आपण ठरवू शकतो, आणि ती शक्यतो घालूच नये. परंतु जीमेलची मुदत बदलता येत नाही, आणि शाळेची उन्हाळी सुट्टी ३० दिवसांहून मोठी असते. मेच्या पहिल्या आठवड्यात चुकून अडकलेले पत्र जूनच्या मध्यास शाळा उघडेपर्यंत उरतच नाही. म्हणून सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या सभेत दोन शिक्षकांची नावे ठरवावीत. एकाने १५ मे रोजी व दुसऱ्याने १ जून रोजी स्पॅम कप्पा उघडून पाहावा, अडकलेले पत्र 'स्पॅम नाही' म्हणून बाहेर काढावे आणि तसे मुख्याध्यापकांस कळवावे. दिवाळीच्या सुट्टीत मुदत उलटत नाही. तरी परत आल्यावर पहिल्या दिवशी परिपाठानंतर तो कप्पा एकदा पाहून घ्यावा.